आधी चित्र, मग पाटी

चित्रे आणि वाईन एकाच सहलीत बसवायची असतील तर पहिला निर्णय क्रमाचा. आधी चित्रे, नंतर वाईन. उलट क्रमाने निघालेली मंडळी मी पाहिली आहेत. दुपारभर वाईनरीत बसायचे, संध्याकाळी एखाद्या प्रदर्शनात शिरायचे, दहा मिनिटांत फोटो काढून बाहेर यायचे आणि "छान होते" म्हणायचे. दोन पेले पोटात गेले की सगळेच छान दिसते. चित्र पाहायला मात्र थोडा चोखंदळपणा लागतो, थोडी कुरकुरही लागते.

दुसरा निर्णय वारांचा, आणि बहुतेकांचे फसते ते इथे. मुंबईतल्या खासगी गॅलऱ्या बहुधा रविवारी बंद असतात, काही सोमवारीही. एनजीएमए, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, सोमवारी बंद. नाशिकच्या वाईनऱ्यांना शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी दिवसभर जत्रेचे रूप येते, तेव्हा तिथे कोणी तुमच्याशी शांतपणे दोन वाक्ये बोलेल ही आशा सोडा. म्हणून मला पटलेला बेत असा: शुक्रवारी दुपारी मुंबईतला काळा घोडा परिसर, रात्री नाशिकला मुक्काम, शनिवारी सकाळी पांडवलेणी आणि साडेअकराच्या सुमारास वाईनरी. एक रजा जास्त टाकता आली तर गुरुवार-शुक्रवार याहून चांगले.

तारीख ठरवण्यापूर्वी ड्राय डेची यादी पाहा. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन, गांधी जयंती तर आपल्या लक्षात असतात. आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी आणि मतदानाचे दिवस नेमके विसरतात. जोडून सुट्टी आली म्हणून सव्वीस जानेवारीला नाशिक गाठणाऱ्यांना द्राक्षांचे मांडव बघून परत यावे लागते.

हंगाम म्हणाल तर जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीअखेर. वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. मुंबईत याच सुमारास गॅलऱ्या आपली वर्षातली चांगली प्रदर्शने लावतात, आणि काळा घोडा महोत्सवही जानेवारीअखेरीस-फेब्रुवारीत येतो. महोत्सवाचे शनिवार-रविवार मात्र टाळा. रस्त्यावरच्या त्या गर्दीत चित्र दिसत नाही, लोकांची डोकी दिसतात.

काळा घोड्याला अर्ध्या दिवसात सगळे पाहायला जाऊ नका. दोन ठिकाणे पुरेत, फार तर तीन. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये संग्रहालयात येणाऱ्या थकव्यावर एक लेख लिहिला होता. वाकून, मान वळवून, गुडघ्यावर बसून वस्तू पाहणाऱ्या माणसाची छायाचित्रेच त्यांनी त्यात छापली होती. थकवा असतो मानेचा आणि पायांचा. माणसाला मात्र वाटते की आपल्याला कलेतले काही कळत नाही. दीड तास झाला की बाहेर पडा, चहा घ्या, आणि इच्छा उरली असेल तरच पुन्हा आत जा.

सुरुवात जहांगीर आर्ट गॅलरीपासून करावी. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ मध्ये ती उभी राहिली. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. पण तिचा खरा फायदा वेगळा आहे: चित्रकार बहुधा स्वतः हॉलमध्ये बसलेला असतो. हा हॉल मिळावा म्हणून तो कित्येक वर्षे थांबलेला असतो, गावाकडून टेम्पोत चित्रे भरून आठवडाभरासाठी आलेला असतो, आणि शुक्रवारी दुपारी त्याच्याशी बोलायला फारसे कोणी नसते. त्याला "याचा अर्थ काय?" असे विचारू नका. त्या प्रश्नाला तो पाठ केलेले उत्तर देईल. "सुरुवात कोणत्या कोपऱ्यातून केलीत?", "शेवटी कोणता रंग लावलात?", "हे चित्र थांबवायचे कधी ठरवलेत?" असे विचारा. कामाबद्दल विचारले की माणूस खुलतो. (वाईनरीतही हाच नियम चालतो, तिथे आपण पोहोचूच.) चित्राशेजारी लाल टिकली दिसली तर ते विकले गेले आहे असे समजावे. किमतींची यादी टेबलावर असते, ती मागायला संकोच नको. किंमत विचारली म्हणजे घ्यावेच लागते असे नाही.

बाहेर फूटपाथवर बसणारे चित्रकार अनेकांना दिसतच नाहीत. सहलीची आठवण म्हणून काही घ्यायचे असेल तर आतल्या दुकानातल्या छापील कॅलेंडरपेक्षा तिथले एखादे छोटे जलरंगचित्र घ्या.

दुसरे ठिकाण म्हणून एनजीएमए किंवा शेजारच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातले जहांगीर निकल्सन दालन, यांपैकी एक निवडा. एनजीएमए ज्या इमारतीत १९९६ पासून आहे तो मुळात कावसजी जहांगीर यांच्याच घराण्याच्या नावाचा सार्वजनिक हॉल. त्यात अर्धवर्तुळाकार मजले घातले आहेत आणि आपण चढत चढत घुमटाखाली पोहोचतो. वयस्क मंडळी बरोबर असतील तर हे जिने लक्षात ठेवा. माझी स्वतःची निवड निकल्सन दालन. जहांगीर निकल्सन हे कापसाचे व्यापारी. कलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. १९६८ मध्ये त्यांनी शरद वायकूळ यांचे एक चित्र घेतले आणि तिथून संग्रहाचा नाद लागला, तो शेवटपर्यंत सुटला नाही. आज आधुनिक भारतीय कलेच्या महत्त्वाच्या संग्रहांत त्यांचा संग्रह मोजतात. ज्याला आपण "अडाणी नजर" म्हणतो तिच्यावर विश्वास ठेवून किती लांब जाता येते याचे हे दालन चांगले उदाहरण आहे. प्रदर्शने बदलत असतात, त्यामुळे काय लावले आहे ते आधी पाहून जावे.

आता पाहायचे कसे, याबद्दल. गॅलरीत शिरलेला माणूस आधी पाटीकडे जातो. नाव वाचतो, साल वाचतो, "कॅनव्हासवर तैलरंग" वाचतो, मग मान वर करून चित्राकडे एक नजर टाकतो आणि पुढच्या पाटीकडे सरकतो. हे उलटवा. भिंतीवर वासुदेव गायतोंडे यांचे चित्र लागलेले असेल तर आपल्या डोक्यात आधी त्यांच्या लिलावातले कोट्यवधींचे आकडे येतात. ते आकडे आणि नाव बाजूला ठेवून पाच मिनिटे नुसते उभे राहा. प्रकाश कुठून येतो? रंगाचा थर कुठे पातळ झाला आहे, कुठे खरवडला आहे? दोन पावले मागे गेल्यावर काय नाहीसे होते? पाच मिनिटे फार वाटतात. तिसऱ्या मिनिटाला कंटाळा येतो, आणि बहुतेक वेळा त्या कंटाळ्यानंतरच चित्र दिसू लागते. नाही दिसले तर नाही. "मला हे आवडले नाही" हे वाक्य गॅलरीत म्हणायला पूर्ण परवानगी आहे. कारण सांगता आले तर उत्तम. पाटी मग वाचा.

खासगी गॅलऱ्यांची भीती मात्र वेगळी. फोर्ट आणि कुलाब्यातल्या जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर त्या असतात. दारावर घंटी, आत गारवा, पांढऱ्या भिंती आणि टेबलामागे लॅपटॉपवर मान घातलेली एक व्यक्ती. आपल्याला वाटते, आपण चुकून कोणाच्या घरात शिरलो. घंटी वाजवा आणि आत जा. तिकीट नसते, खरेदीची सक्ती नसते, काय करता म्हणून कोणी विचारत नाही. प्रदर्शनाची माहिती असलेला कागद मागितला की मिळतो. केमोल्ड गॅलरी १९६३ मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर सुरू झाली होती. आता ती फोर्टमध्ये प्रेस्कॉट रोडला आहे आणि जहांगीरहून चालत जाता येते. एका दुपारी जहांगीर, निकल्सन आणि केमोल्ड एवढे होते. त्यापुढे हाव नको.

मुलगा किंवा मुलगी मेलबर्न-सिडनीकडे असेल आणि तुमचे तिकडे जाणे होणार असेल तर चित्रे पाहायची अशीच एक जागा तिकडे आहे, आणि ती तर वाईनरीच्याच आवारात. टास्मानियात होबार्टजवळ क्लॉडिओ अल्कोर्सो या इटालियन वंशाच्या कापड उद्योजकाने १९५८ मध्ये मूरिला येथे द्राक्षवेली लावल्या. पुढे जुगाराच्या गणितावर श्रीमंत झालेल्या डेव्हिड वॉल्श यांनी ती जागा घेतली आणि २०११ मध्ये तिथे खडक खोदून जमिनीखाली मोना हे संग्रहालय उघडले. तिथे भिंतींवर पाट्याच नाहीत! माहिती हवी असेल तर हातातल्या यंत्रावर पाहायची. होबार्टच्या धक्क्यावरून बोटीने जाता येते, मेलबर्नहून होबार्ट विमानाने सव्वा तासाच्या आसपास आहे, आणि चित्रे पाहून वर आले की वाईन चाखता येते. आजी-आजोबांना आधी सांगून ठेवा: तिथली काही कामे चांगलीच धक्का देणारी आहेत.

परत आपल्या बेताकडे. संध्याकाळी मुंबईहून पंचवटी एक्सप्रेसने नाशिक रोडला उतरता येते, किंवा शनिवारी पहाटे उठून वंदे भारत. स्वतःची गाडी नेण्यापेक्षा हे मला जास्त पसंत, त्याचे कारण पुढे कायद्याच्या भाषेत येईल. एवढे लक्षात ठेवा की नाशिक रोड स्टेशन शहराच्या एका टोकाला आणि गंगापूर रस्त्यावरच्या वाईनऱ्या दुसऱ्या टोकाला. दिवसभरासाठी चालकासह गाडी ठरवणे हा खर्च वाचवण्यासारखा नाही.

शनिवारी सकाळी पांडवलेणी. बहुतेक वाईन-सहलींत ही चोवीस लेणी नसतात, आणि ज्यांत असतात त्यांत "वेळ मिळाला तर" या सदरात. मी त्यांना वाईनरीइतकेच महत्त्व देतो. मुंबई-आग्रा रस्त्यालगतची ही टेकडी, प्राचीन नाव त्रिरश्मी. पायऱ्या आहेत, चढायला फार तर वीस-पंचवीस मिनिटे. लवकर जा, ऊन चढले की दगड तापतो आणि व्हरांड्यातल्या कोरीव कामावरच्या सावल्याही सपाट होतात.

सगळी लेणी पाहू नका. तीन आणि दहा या क्रमांकांची दोन पाहा. तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्याखाली सहा यक्ष कोरले आहेत; सबंध लेणे त्यांनी खांद्यावर तोलून धरले आहे अशी रचना आहे. एकेकाचा चेहरा निरखून पाहा. व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर गौतमीपुत्र सातकर्णीची आई बलश्री हिचा प्रसिद्ध लेख आहे. मुलाने क्षहरातांचा वंश संपवला हे तिने त्यात अभिमानाने लिहवून ठेवले आहे. ज्यांचा वंश संपवला त्या क्षहरात राजाच्या, म्हणजे नहपानाच्या जावयाने खोदवलेले लेणे जवळच आहे: दहावे. जावयाचे नाव उषवदात. घंटेच्या आकाराच्या स्तंभशीर्षांवर प्राणी आहेत आणि व्हरांड्याच्या भिंतीवर, छताखाली, लांबच लांब ब्राह्मी लेख.

या लेखात एक हिशेब आहे. उषवदाताने तीन हजार कार्षापणे (तेव्हाची नाणी) गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेव म्हणून ठेवली: दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. त्या व्याजातून लेण्यातल्या भिक्षूंना वस्त्रे वगैरे द्यायची. हे गोवर्धन म्हणजे गंगापूर रस्त्यावरचे आजचे गोवर्धन गाव, असे मानतात. सुला वाईनरीचा पत्ताही गोवर्धन हाच आहे.

आणखी एक धागा आहे, तो माहीत असला की दुपारचा पेला वेगळा लागतो. लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या व्यापाराची माहिती देणारे 'पेरिप्लस' नावाचे एक ग्रीक टिपण इसवी सनाच्या पहिल्या शतकातले आहे. भडोच बंदरात काय काय उतरते याची यादी त्यात आहे, आणि तीत वाईन आहे: इटलीची सर्वांत पसंतीची, शिवाय लाओडिशियाची आणि अरबस्तानची. राजासाठी उंची वाईन वेगळी. त्या मुलखाच्या राजाचे नाव टिपणात ग्रीक वळणाने आले आहे. तो नहपानच, असे अभ्यासक मानतात. म्हणजे ज्याच्या जावयाचे लेणे तुम्ही सकाळी पाहता त्या राजाच्या बंदरात दोन हजार वर्षांपूर्वी इटलीची वाईन उतरत होती. नाशिकला वाईन काल-परवा आली असे म्हणणाऱ्यांना सांगायला ही गोष्ट ठीक आहे. द्राक्षापासून वाईन इथे तेव्हा होत होती असे मात्र यातून निघत नाही, तेवढे ओढूनताणून सांगू नका.

लेण्यांवरून उतरले की भूक लागते आणि नाशिकात भूक म्हणजे मिसळ. इथे मी कठोर होणार आहे. वाईन चाखण्याआधी मिसळ खाऊ नका. तर्रीने जीभ भाजली की पुढचे दोन तास रेड वाईन नुसती कडवट आणि जळजळीत लागते. मिसळ रविवारी सकाळी खा, दोन प्लेट खा. शनिवारी पोहे, इडली, नाहीतर भाजी-पोळी असा सौम्य आणि भरपूर नाश्ता हवा. रिकाम्या पोटी तर मुळीच जाऊ नका. त्या दिवशी उग्र अत्तर लावू नका, पान-तंबाखू टाळा, आणि वाईनरीच्या दारात कडक चहाही नको.

वाईनऱ्या किती? दोन. एक मोठी, एक लहान. मोठी म्हणजे बहुधा सुलाच. राजीव सामंत यांनी १९९७ च्या सुमारास इथे वेली लावल्या, २००० मध्ये पहिली वाईन बाजारात आली आणि २००५ मध्ये त्यांनी टेस्टिंग रूम उघडली. नाशिकला येऊन वाईन चाखण्याची रीत पडली ती तिथून. त्याआधीही प्रयत्न झाले होते. नारायणगावच्या चौगुल्यांची शॅम्पेनच्या पद्धतीने केलेली वाईन १९८० च्या दशकात परदेशी जात होती. राज्य सरकारचे द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ चे. 'नाशिक व्हॅली वाईन' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. मोठ्या वाईनरीत फेरी घ्यावी: तोडलेली द्राक्षे येतात कुठे, रस निघतो कसा, पोलादी टाक्या गार का ठेवतात, ओकची पिंपे कशासाठी, हे तिथे नीट दाखवतात. लहान वाईनरीत फेरी थोडक्यात आटोपते, पण पेला भरणाऱ्या माणसाला बोलायला वेळ असतो. यॉर्क आणि सोमा सुलापासून जवळ आहेत. परतीचा रस्ता मुंबईचा असेल तर इगतपुरी तालुक्यात व्हॅलोन आणि ग्रोव्हर झॅम्पा आहेत. कुठेही जायचे तर आधी फोन करून वेळ घ्या.

टेस्टिंग रूममध्ये शिरण्यापूर्वी बागेत दहा मिनिटे काढा. नाशिकचा शेतकरी नात्यात असेल तर हे सगळे तुम्हाला ठाऊक असेल: एप्रिलची खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमधली गोडी छाटणी, आणि मग थंडीत घड भरत जाणे. वाईनचे द्राक्ष मात्र खाण्याच्या द्राक्षापेक्षा वेगळे. मणी लहान, साल जाड, आत बी. परवानगी घेऊन पिकलेला एखादा मणी तोंडात टाका. आधी गोड, मग साल चावली की तुरट. हा तुरटपणा लक्षात ठेवा. व्हाईट वाईन करताना द्राक्षे आधी दाबून रस वेगळा काढतात आणि तो आंबवतात. रेड वाईनमध्ये साल-बियांसकट आंबवतात. पेल्यातला लाल रंग आणि तोंड कोरडे करणारा तुरटपणा दोन्ही त्या सालीतून येतात.

आता पेला. खालच्या दांड्याला धरा, नाहीतर हाताच्या उबेने वाईन तापते. आधी पाहा, पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरून. काल गॅलरीत केलेला सराव इथे उपयोगी पडतो. कोवळ्या रेड वाईनच्या कडेला जांभळी झाक असते, जुनी होत जाते तशी ती विटकरी होते. व्हाईट वाईन वयाबरोबर गडद होते, रेड फिकी पडते. मग पेला गोल फिरवून वास घ्या. मग छोटा घोट, जिभेवर सगळीकडे फिरवून. गिळायलाच हवा असे नाही. थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते आणि जाणकार तेच वापरतात. आपल्याकडे चारचौघांत असे करणे असभ्य वाटते, पण इथे ते शिष्टसंमत आहे.

वर्णनाच्या बाबतीत मार्गदर्शक म्हणेल, ब्लॅककरंट, गूसबेरी, वगैरे. ही फळे आपल्यापैकी किती जणांनी खाल्ली आहेत? आपल्या जिभेला जे ठाऊक आहे त्याचे नाव घ्या. नाशिकच्या सोव्हिन्यों ब्लांमध्ये पिकलेल्या पेरूचा वास स्पष्ट येतो, कधी हिरव्या ढोबळी मिरचीचाही. शिराझमध्ये काळी मिरी येते, आणि हा कविकल्पनेचा भाग नाही: मिरीत असणारे रोटुंडोन हे द्रव्य शिराझच्या सालीतही असते. करवंद, जांभूळ, चिंच, आवळा, भिजलेली माती, गूळ, जे आठवेल ते मोठ्याने म्हणा. चूक काही नाही. क्रम मात्र हलक्याकडून जडाकडे ठेवा: फसफसणारी, व्हाईट, रोझे, रेड, शेवटी गोड. रेड फार उबदार आली तर थोडी गार करून मागा. "रूम टेंपरेचर" ही सूचना युरोपातल्या गारठलेल्या घरांसाठी होती. रेडला सोळा ते अठरा अंश बरे, आणि नाशिकचा मार्च त्याच्या दुप्पट असतो.

आणि बाटलीकडे पाहू नका. पेला भरणाऱ्याला विनंती करा: नाव आणि किंमत नंतर सांगा. बोर्दोमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्हाईट वाईनमध्ये वास नसलेला लाल रंग घालून ती वाईनचे शिक्षण घेणाऱ्या चोपन्न जणांपुढे ठेवली होती. त्यांनी तिचे वर्णन रेड वाईनसाठी वापरायच्या शब्दांत केले. शिकलेल्यांची जीभ डोळ्यांमागे गेली, मग नाव, किंमत आणि मोठे लेबल यांच्यामागे आपली का जाणार नाही? शक्य असेल तर एकाच द्राक्षाच्या दोन वेगळ्या दरांच्या वाईन शेजारी शेजारी मागा आणि महाग कोणती ते ओळखा. घरच्या मंडळींत यावर पैजा लागतात, मजा येते, आणि निकाल लागल्यावर घरातला सर्वांत आत्मविश्वासाचा माणूस थोडा गप्प होतो.

पिंपांजवळ, टाक्यांजवळ काम करणारे कोणी भेटले तर विचारा: यंदा तोडणी कधी सुरू केलीत? अवकाळी पाऊस आला तेव्हा काय केलेत? तुम्ही स्वतः घरी यांपैकी कोणती पिता? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर किमतीच्या यादीत नसते.

न पिणाऱ्यांना घरी ठेवू नका. आई-वडील, सासू-सासरे यांना बागेची फेरी आवडते. शेतीशी संबंध असेल तर छाटणीवरून ते तिथल्या माणसाशी वादही घालतील. त्यांच्यासमोर पेला उचलायला संकोच वाटणे स्वाभाविक आहे; जिथे घरात हा विषय अवघड आहे तिथे उगाच धाडस करून दिवस बिघडवू नये, त्यांना लेण्यांपर्यंत सोबत न्यावे आणि दुपारी पंचवटीत सोडावे. औषधे चालू असतील किंवा गरोदरपण असेल तर चाखणेही नको. वाईन पिण्याचे वय महाराष्ट्रात एकवीस आहे, तेव्हा तरुण दिसणाऱ्यांनी ओळखपत्र जवळ ठेवावे.

आता गाडीचे. टेस्टिंगचा एक घोट साधारण तीस मिलिलिटरचा. सहा वाईन म्हणजे १८० मिलिलिटर, तेरा टक्क्यांच्या हिशेबाने जवळजवळ अठरा ग्रॅम अल्कोहोल. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. साठ किलोचा माणूस एवढ्या "नुसत्या चवीने" ती सहज ओलांडतो. पहिल्या गुन्ह्यालाच दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. घाटातून रात्री परतायचे आहे हे तर वेगळेच. म्हणून मी रेल्वेचे आणि ठरवलेल्या गाडीचे सुचवले. स्वतःची गाडी आणलीच असेल तर चालवणाऱ्याने फक्त वास घ्यावा. त्यातही बरेच कळते.

खरेदी चाखण्याच्या शेवटी लगेच करू नका. बाहेर जाऊन जेवा, पाणी प्या, अर्ध्या तासाने परत या. तेव्हाही जी चव आठवत असेल तीच बाटली घ्या, आणि दोनच घ्या. लेबलासाठी बाटली घेण्यालाही माझा विरोध नाही, फक्त आपण लेबल विकत घेत आहोत हे माहीत असावे. फ्रान्सच्या शातो मूतों रोथशिल्डच्या लेबलावर १९४५ पासून जवळजवळ दरवर्षी नव्या चित्रकाराचे चित्र असते. १९७३ ला पिकासोचे, तर २००९ च्या वाईनला मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे. चित्रकाराला मोबदला म्हणून वाईनच मिळते. आपल्याकडे ग्रोव्हर झॅम्पाच्या एका मालिकेच्या लेबलांवर भारतीय चित्रकारांची चित्रे आहेत. रिकामी बाटली फेकवत नाही, एवढाच त्यातला धोका. फिरकीचे झाकण पाहून मात्र वाईन हलकी समजू नका. रोजच्या वाईनला ते बुचापेक्षा भरवशाचे असते.

बाटल्या गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, पायाशी ठेवा. घरी स्वयंपाकघरातल्या फडताळावर, गॅसच्या वर, तर अजिबात नाही. कपाटाच्या तळाशी अंधारात, बुचाची असेल तर आडवी. नाशिकच्या बहुतेक व्हाईट वाईन ताज्या पिण्यासाठीच असतात, वर्षभरात उघडाव्यात. उघडलेली बाटली, रेडसुद्धा, झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी. पाचव्या दिवशी ती रश्शात घालता येते, मटणाच्या रश्शात जास्त चांगली.